नेहमीचा पंप, नेहमीची कंपनी

गाडीला एकाच कंपनीच्या पेट्रोलची सवय असते, मध्येच दुसरं घातलं की इंजिनाला ते मानवत नाही, असं ठामपणे मानणारी माणसं कुठेही भेटतात. ती निष्काळजी नसतात. उलट गाडीची मनापासून काळजी घेणारेच यात जास्त. टायरची हवा वेळेवर बघणारे, ऑइल बदलल्याची तारीख लिहून ठेवणारे, गार इंजिन सुरू करून लगेच न रेटणारे. म्हणून त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेणं मला बरं वाटत नाही. ज्याला गाडी कळते त्याला ही भीती का वाटते, याचं मला जास्त कुतूहल आहे.

माझा एक मित्र या पंथातला कडवा सदस्य. त्याच्याबरोबर लांबच्या प्रवासाला निघालं की पंपामागून पंप जातात, काटा लाल पट्टीत शिरतो, दिवा पेटतो, पण त्याच्या कंपनीची पाटी दिसल्याशिवाय गाडी आत वळत नाही.

"अरे, एकदा दुसरं घालून तर बघ," मी म्हणते.

"बघायचं काय त्यात? मिक्स झालं की पिकअप जातो. अनुभव आहे मला."

अनुभव म्हटल्यावर वाद संपतो. गंमत अशी की या निष्ठेपायी तो जे करतो, त्यानेच गाडीला त्रास व्हायची शक्यता जास्त. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये पेट्रोल पुढे ढकलणारा विजेचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याला गार ठेवण्याचं काम तेच पेट्रोल करतं. टाकी तळाला टेकेपर्यंत गाडी हाणायची सवय असली, तर चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढतो, तापतो आणि हळूहळू त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणजे पाटीशी इमान राखण्याच्या नादात पंपाचा बळी.

उत्तर आधीच सांगून टाकते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचं (इंजिनात अवेळी पेटून ठोकण्याला पेट्रोल किती विरोध करतं त्याचा आकडा), इथेनॉलच्या सांगितलेल्या मर्यादेतलं आणि भेसळ नसलेलं पेट्रोल असेल, तर ते आज या कंपनीचं आणि उद्या त्या कंपनीचं घातल्याने इंजिन बिघडत नाही. दोन्ही एका टाकीत एकत्र आली तरी नाही. पण 'काही होत नाही हो' हे वाक्य आळशी माणसाच्या तोंडीही असतं आणि जाणकाराच्याही, त्यामुळे नुसत्या त्या वाक्यावर माझ्या मित्राने विश्वास ठेवावा असं मला वाटत नाही.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, इथून सुरुवात करावी लागते. त्याला एक रासायनिक सूत्र नाही. साधारण चार ते बारा कार्बन अणू असलेल्या काही शे हायड्रोकार्बनांचा तो जमाव आहे. त्यातले काही तीस-पस्तीस अंशांवरच उकळायला लागतात, तर काहींना दोनशे अंशांच्या आसपास जावं लागतं. हा जमाव रिफायनरीत एका नळातून तयार होऊन बाहेर पडत नाही. कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणारा नाफ्था, जड तेल उत्प्रेरकावर फोडून मिळालेला भाग, रिफॉर्मरमधून आलेला ऑक्टेन वाढवणारा भाग, अल्किलेट, आयसोमरेट, थोडा ब्यूटेन, असे वेगवेगळे प्रवाह शेवटी एकत्र करून पेट्रोल जुळवलं जातं. कच्चं तेल बदललं की प्रवाह बदलतात, एखादं युनिट दुरुस्तीला बंद पडलं की प्रमाण बदलतं, ऋतू बदलला की ब्यूटेन कमीजास्त होतो. थंडीत गाडी पटकन सुरू व्हावी म्हणून बाष्पदाब, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन उडण्याची ओढ, जास्त ठेवतात, उन्हाळ्यात तो उतरवतात.

तेव्हा एकाच कंपनीचं पेट्रोलसुद्धा या महिन्यात आणि सहा महिन्यांनी घटकांच्या यादीत सारखं नसतं. सारखं असतं ते वागणं. प्रमाणकं वागण्याचीच असतात. युरोपचं ईएन २२८ हे मानक घ्या. पंधरा अंश तापमानाला घनता दर घनमीटरला ७२० ते ७७५ किलो, गंधक दर किलोला १० मिलिग्रॅमच्या आत, बेन्झीन १ टक्क्याच्या आत, अमुक तापमानापर्यंत अमुक भाग उडून गेला पाहिजे, वगैरे. या चौकटीत बसणारी दोन पेट्रोलं एकत्र केली तर इंजिनाला चौकटीतलंच पेट्रोल मिळतं. याला एक खरा अपवाद आहे आणि तो इथेनॉलशी निगडित आहे. त्याकडे नंतर येते.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला फार उशिरा कळली आणि कळल्यावर पंपावरच्या रंगीत पाट्यांकडे बघण्याची नजर बदलली. ती म्हणजे पेट्रोलचा प्रवास. रिफायनरी बांधायला आणि चालवायला अफाट खर्च येतो, त्यामुळे पेट्रोल विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची प्रत्येक भागात रिफायनरी नसते. कंपन्या एकमेकींकडून माल घेतात, अदलाबदलीचे करार करतात. तुझं तिकडे मला दे, माझं इकडे तू घे. लांब पल्ल्याच्या पाइपलाइनमध्ये तर वेगवेगळ्या मालकांचा माल एकामागोमाग एक सोडला जातो, आणि बऱ्याचदा दोन मालांच्या मध्ये अडसर काहीच नसतो. डब्यांच्या मधल्या भिंती काढून टाकलेली आगगाडी डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंत अशा मालगाड्या वाहते. एकाच प्रतीचा माल असेल तर त्यात मालकी लीटरांची असते, रेणूंची नव्हे. या टोकाला एका कंपनीने जितकं ओतलं तितकं त्या टोकाला तिला मिळतं. तेच पेट्रोल मिळेल असं कुणी म्हणत नाही.

मग दोन मालांच्या सीमेवर जे मिसळतं त्याचं काय होतं? साध्या आणि उंची पेट्रोलच्या सीमेवरचा भाग मुकाट्याने साध्यात जमा करतात. पेट्रोल आणि डिझेलच्या सीमेवरचा भाग मात्र वेगळा काढून पुन्हा शुद्धीकरणाला पाठवतात. पाइपलाइनवाल्यांना मिश्रणाची भीती नेमकी कुठे वाटते, हे यावरून कळतं. त्यांना कंपनीची फिकीर नसते. प्रत आणि जात यांची असते.

तर माझा मित्र ज्या मिश्रणाला घाबरतो, ते त्याच्या टाकीत शिरण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असू शकतं. मग कंपनीचं म्हणून त्यात उरतं काय? डेपोवर टँकर भरताना त्यात घातली जाणारी पुरवणी रसायनांची मात्रा. इंजिनात कार्बन धरू नये म्हणून डिटर्जंट, गंजरोधक, ते रसायन नीट पसरावं म्हणून वाहक तेल, असं पॅकेज प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि ते टँकर भरला जात असतानाच मोजून आत सोडतात. ही मात्रा दशलक्ष भागांत काही शे भाग इतकीच असते. पाचशे भाग धरले तर बारा हजार लीटरच्या टँकरमध्ये सहा लीटर. चाळीस लीटरच्या गाडीच्या टाकीत वीस मिलिलीटर. उरलेले एकोणचाळीस लीटर आणि नऊशे ऐंशी मिलिलीटर कुणाचेही असू शकतात.

पण हे वीस मिलिलीटर क्षुल्लक आहेत असं मी म्हणणार नाही. इथे माझ्या मित्राची बाजू थोडी बळकट होते. १९८० च्या दशकात इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या बारीक तोट्या, असलेली इंजिनं सर्रास येऊ लागली, तेव्हा त्या बारीक तोंडांशी थर साचून गाड्या मिसिंग करू लागल्या आणि डिटर्जंटचं महत्त्व सगळ्यांना पटलं. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्ये डिटर्जंटची किमान मात्रा कायद्यानेच सक्तीची झाली. ती किमान मात्रा पुरेशी नाही असं वाटून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी 'टॉप टियर' नावाचं अधिक कडक मानक पुढे आणलं. त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने, म्हणजे 'ट्रिपल ए'ने, दोन्ही प्रकारची पेट्रोलं चाचणी-इंजिनात चालवून पाहिली. सुमारे ६,४०० किलोमीटरइतक्या धावेनंतर टॉप टियर नसलेल्या पेट्रोलवर इनटेक व्हॉल्व्हवरचा (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेवरचा) थर सरासरी १९ पट जास्त निघाला.

म्हणजे पेट्रोला-पेट्रोलात फरक असतो. तो नाकारणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण चाचणीत फरक दिसला तो चांगलं डिटर्जंट सतत मिळण्या-न मिळण्याचा. दोन पेट्रोलं एकमेकांत मिसळून काही अघटित घडलं, असं त्यात कुठेही नाही. दोन कंपन्यांची डिटर्जंटं टाकीत एकत्र आली तरी ती एकमेकांशी भांडून गोळा होत नाहीत. बहुतेक सगळी पॉलिआयसोब्यूटिलीन अमाइन, पॉलिइथर अमाइन अशा दोन-तीन रासायनिक घराण्यांतलीच असतात आणि डेपोपासून पंपाखालच्या टाकीपर्यंत ती कशाकशात मिसळणार, हे गृहीत धरूनच बनवलेली असतात. कमी डिटर्जंटचं पेट्रोल एकदा घातलं म्हणून व्हॉल्व्हवर थर चढत नाही. तो चढतो वर्षानुवर्षांच्या सवयीने, आणि चांगल्या पेट्रोलवर परत आलात की बराचसा हळूहळू उतरतोही.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांची कथा वेगळी. त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहतच नाही, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं डिटर्जंट तिथला काजळीचा थर धुऊ शकत नाही. पेट्रोलची जाहिरात बघताना एवढं ध्यानात असलेलं बरं. इंजेक्टरच्या तोंडाशी मात्र त्याचा उपयोग होतो.

आता टाकीचा साधा हिशेब. कुणीही टाकी पूर्ण कोरडी करून भरत नाही. पाव टाकी उरली असताना भरली, तर जुन्याचा वाटा पाव. पुढच्या वेळी पुन्हा पाव उरल्यावर भरली, तर सोळावा. मग चौसष्टावा, मग दोनशे छप्पन्नावा. शून्य कधी होत नाही. कुणाकडून सेकंडहँड गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाच्या पंपाचा अंश तुमच्या टाकीत अजून आहे, भले तो थेंबाच्या कितव्या भागाइतका असेना.

मग ही भीती आली कुठून? मला वाटतं ती गॅरेजमधून आली, आणि तिथे ती खरी आहे. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर डॉट ५ लिहिलं असेल तर ते सिलिकॉनचं असतं आणि डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये ते मिसळायचं नाही. मिसळलं तर ब्रेकचा भरवसा उरत नाही. कूलंटचंही तसंच. वेगवेगळ्या रसायनांवर बेतलेली दोन कूलंट एकत्र केली तर गंजापासूनचं संरक्षण कमी होतं, काही जोड्यांत तर चिकट साका धरून रेडिएटरच्या नळ्या तुंबतात. ज्याने एकदा असा रेडिएटर उघडलेला पाहिला, तो माणूस 'मिक्स करू नका' हा धडा आयुष्यभर जपतो आणि बॉनेटखालच्या सगळ्या द्रवांना सरसकट लावतो. मेकॅनिकचं यात चुकतं असं म्हणवत नाही. दहा द्रवांतल्या दोघांशी जपून वागायचं असेल, तर दहाही जणांशी जपून वागणं सोपं.

पेट्रोलच्या बाबतीतही एके काळी मिश्रण खरोखर घातक होतं. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या टॉमस मिजलीला टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये घातलं की इंजिन ठोकायचं थांबतं असा शोध लागला, १९२३ मध्ये असं पेट्रोल विकायला आलं, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. मग १९७५ च्या सुमाराला अमेरिकी गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. शिसं त्या कन्व्हर्टरच्या प्लॅटिनमवर बसून त्याला निकामी करतं. थोडंथोडं शिसंवालं पेट्रोल जात राहिलं तरी कन्व्हर्टर जातो. म्हणून शिसं नसलेल्या पेट्रोलच्या गाड्यांच्या टाकीचं तोंडच अरुंद केलं आणि पंपांवर शिसंवाल्या पेट्रोलचं नोझल जाड ठेवलं. चुकून घालायचं म्हटलं तरी शिरू नये. 'भलतं पेट्रोल घातलं तर गाडी जाते' हे वाक्य त्या काळात शब्दशः खरं होतं. गाड्यांसाठीचं शिसंवालं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथला साठा जुलै २०२१ मध्ये संपला. वाक्य मात्र शिल्लक राहिलं, आणि त्यातल्या 'भलतं'चा अर्थ 'दुसऱ्या कंपनीचं' असा झाला.

कंपनीच्या पुरवण्यांनीच इजा झाल्याचंही एक उदाहरण इतिहासात आहे, आणि माझ्या मित्राला ते ठाऊक नाही म्हणून बरं. १९८० च्या दशकातच शेलने 'फॉर्म्युला शेल' नावाचं पेट्रोल मोठ्या गाजावाजाने आणलं. ठिणगी चांगली पडावी म्हणून त्यात पोटॅशियमयुक्त घटक होता. काही देशांत काही विशिष्ट इंजिनांच्या व्हॉल्व्हना त्याने त्रास होत असल्याच्या तक्रारी आल्या आणि तो घटक काढावा लागला. मजा बघा. त्या काळात या पेट्रोलशी शंभर टक्के एकनिष्ठ राहणाऱ्यांना धोका सगळ्यात जास्त होता. जो मिळेल त्या पंपावर भरत होता त्याच्या टाकीत तो घटक पातळ होत गेला असणार.

आता इथेनॉल. मिश्रण खरोखर काहीतरी करतं ते इथे. इथेनॉल पेट्रोलमध्ये घातलं की बाष्पदाब सरळ रेषेत बदलत नाही. दहा टक्क्यांच्या आसपास तो इथेनॉल नसलेल्या पेट्रोलपेक्षा साधारण सात किलोपास्कलने वर जातो. त्यामुळे एक पंप बिनइथेनॉलचं आणि दुसरा इथेनॉलचं पेट्रोल विकत असेल, दोन्ही बाष्पदाबाच्या मर्यादेत बरोबर बसवलेली असतील, तरी टाकीत अर्धं अर्धं झाल्यावर मिश्रणाचा दाब दोघांपेक्षा जास्त निघतो. दोन्ही स्वतंत्रपणे नियमात आणि एकत्र आली की नियमाबाहेर! गाडीला याने इजा होत नाही, बाष्पं जरा जास्त उडतात आणि हवेचं प्रदूषण वाढतं. त्यामुळे या प्रश्नाची चिंता गाडीच्या मालकाऐवजी हवेचे नियम करणारे लोक करत बसतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण हवामानात आकारमानाच्या अर्धा टक्का पाणी पोटात घेऊन एकजीव राहू शकतं. त्यापलीकडे गेलं, किंवा तापमान उतरलं, की पाणी आणि इथेनॉल हात धरून तळाशी बसतात आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. आता समजा, एखादी गाडी बरेच महिने दमट हवेत उभी आहे, टाकीतलं इथेनॉलवालं पेट्रोल पाण्याने जवळजवळ तृप्त झालेलं आहे, आणि त्यावर तुम्ही बिनइथेनॉलचं शुद्ध पेट्रोल ओतलंत. इथेनॉलचं प्रमाण घटलं, पाणी धरायची ताकद घटली, आणि जे आतापर्यंत विरघळलेलं होतं ते वेगळं होऊन खाली आलं. इंधनाचा पंप तळातूनच ओढतो. गाडी झटके मारणार. 'चांगलं' पेट्रोल घातल्यावर गाडी बिघडली असं सांगणाऱ्यांपैकी काहींचा अनुभव अशा प्रकारचा असू शकतो, हे मला मान्य आहे. फक्त त्यात पाटीचा काही संबंध नाही.

आणि जिथे इथेनॉलचं कुठलंही प्रमाण चालतं अशाही गाड्या आहेत. ब्राझीलमध्ये २००३ साली फोक्सवॅगनने 'गोल'चं 'टोटल फ्लेक्स' मॉडेल आणलं. पेट्रोल भरा, इथेनॉल भरा, दोन्ही हव्या त्या प्रमाणात भरा. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनचा अंदाज घेऊन गाडीचा संगणक टाकीत काय आहे ते ओळखतो आणि इंधनाची मात्रा ठरवतो. पुढे तिथे बहुतेक नव्या गाड्या अशाच झाल्या. मिश्रण पचवण्याची तयारी असलेल्या इंजिनाला दोन कंपन्यांच्या पेट्रोलमधला फरक जाणवावा, ही कल्पनाच मला अवघड जाते.

साध्या गाडीतही तो संगणक आहेच. ऑक्सिजन सेन्सर हवा आणि इंधन यांचं प्रमाण सतत तपासतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते क्षणोक्षणी बदलतो. नॉक सेन्सर इंजिनाची ठोकाठोक ऐकतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडतो. ऑक्टेन म्हणजे ठोकण्याला विरोध करण्याची क्षमता. आयसोऑक्टेन या हायड्रोकार्बनला शंभर आणि नॉर्मल हेप्टेन या दुसऱ्याला शून्य अशी मोजपट्टी ग्रॅहम एडगरने १९२६ मध्ये सुचवली आणि आजही पंपावरचा आकडा तिच्यावरच उभा आहे. ९१ आणि ९५ समसमान मिसळलं की साधारण ९३ मिळतं. पुस्तिकेत ९१ सांगितलं असेल तर ९५ घालून गाडीची ताकद बहुधा वाढणार नाही. ९५ सांगितलं असताना ९१ घातलं तर संगणक सांभाळून घेईल, पण पिकअप खरंच उतरेल. माझ्या मित्राचा 'पिकअप जातो' हा अनुभव कदाचित इथला असेल. त्याने कंपनी बदलली तेव्हा ऑक्टेनही बदलला असेल. त्याला विचारलं तर म्हणतो, आकडा कोण बघतं!

अॅव्हरेजचं तर विचारूच नका. अॅव्हरेज काढताना टाकी फुल करून मोजायची पद्धत असते आणि फुल म्हणजे काय ते नोझल ठरवतं. नोझलच्या टोकाला असलेलं छिद्र पेट्रोलने झाकलं गेलं की ते आपोआप बंद होतं. गाडी किंचित तिरकी उभी असली, पेट्रोल जोरात येऊन फेस झाला, की ते आधीच बंद होतं. तीस लीटर भरताना एका लीटरचा फरक पडला तरी अॅव्हरेजमध्ये तीन टक्क्यांहून जास्त फरक दिसतो. त्यात पेट्रोल दर अंशाला साधारण एक हजारांश भागाने फुगतं. शिवाय रहदारी, टायरची हवा, एसी, चालवणाऱ्याची मनःस्थिती. बिनइथेनॉलच्या पेट्रोलवरून दहा टक्क्यांवाल्यावर गेलात तर साधारण तीन टक्के खरेच कमी मिळतात, कारण इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलच्या मानाने ऊर्जा एक तृतीयांश कमी असते. पण दोन सारख्या पेट्रोलांमधला फरक एका टाकीवरून ओळखणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, ओळखल्याचं सांगणारे पुष्कळ पाहिले.

पेट्रोलची ओळख खरोखर तंतोतंत पटवली जाते ती मोटारींच्या शर्यतींत. फॉर्म्युला वनमध्ये. तिथे प्रत्येक संघाने आपल्या इंधनाचा नमुना आधी मंजूर करून घ्यायचा आणि शर्यतीत घेतलेला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे इंधनातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, त्याच्याशी जुळला पाहिजे. १९९५ च्या ब्राझीलच्या शर्यतीत शूमाखर आणि कूल्थार्ड पहिले आणि दुसरे आले, पण त्यांच्या गाड्यांतलं इंधन नमुन्याशी जुळलं नाही म्हणून दोघांना बाद केलं. अपिलात ड्रायव्हरांना गुण परत मिळाले, संघांना मिळाले नाहीत. गाड्या मात्र त्या इंधनावर झकास पळाल्या होत्या.

डिझेलबद्दल एक वाक्य पुरे, कारण त्यात वाद नाही. पेट्रोलच्या गाडीत डिझेल किंवा डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलं तर चावी फिरवू नका, टाकी रिकामी करून घ्या. विशेषतः डिझेल गाडीतला उच्चदाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पेट्रोलने तो खरवडून निघतो.

मी स्वतः शक्यतो एकाच पंपावर भरते, हे सांगायला हवं, नाहीतर मित्र म्हणेल हिचे खायचे दात वेगळे. कारण तिथे गर्दी असते. गर्दी असली की जमिनीखालच्या टाकीत माल फार दिवस पडून राहत नाही, आणि पेट्रोलचं वय हा मला त्याच्या कुळापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वाटतो. हवेशी संबंध येत राहिला की पेट्रोलचं ऑक्सिडेशन होतं, चिकट गोंद तयार होतो, हलके घटक उडून जातात आणि गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. पंपाची टाकी, तिचं पाणी तपासणं, फिल्टर बदलणं हे सगळं त्या पंपाच्या माणसांच्या हातात असतं. एकाच कंपनीचे दोन पंप यात जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात. माझ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे पंप बघायचा?" पंपच बघायचा.

वयाचा हा प्रश्न पुढे आणखी वाढणार आहे, कारण प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्ज करून विजेवर आणि गरजेला पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या. रोजचा प्रवास विजेवर होतो, पेट्रोल टाकीत महिनोन्महिने बसून राहतं. शेव्हरोले व्होल्ट बनवणाऱ्यांनी त्यासाठी टाकी दाबाखाली बंद ठेवली आणि गाडीला टाकीतल्या इंधनाचं सरासरी वय मोजायला शिकवलं. ते साधारण वर्षाच्या घरात गेलं की बॅटरी भरलेली असली तरी गाडी इंजिन सुरू करून जुनं पेट्रोल जाळायला लागते. मध्येच थोडं ताजं पेट्रोल भरलं, कुठल्याही पंपावरचं, तर सरासरी खाली येते आणि इंजिनाला पुन्हा काही महिने सुट्टी मिळते.